चार चमचे सुंठ

आप्पा,

गेल्या महिन्यात एका गुरुवारी तुमचं कषाय बेळगावातल्या एका बड्या हॉटेलच्या हॉलमध्ये, पांढऱ्याशुभ्र कापडाच्या टेबलावर, कागदी कपांतून मांडलं होतं. तुम्ही असता तर आधी त्या कपांनाच नावं ठेवली असती. मीही मनातल्या मनात ठेवली, पण नियम त्यांचा होता. हॉलमध्ये एसी इतका जोरात, की कपात ओतलेलं ते सुंठ-गुळाचं गरम दूध हातात देईपर्यंत कोमट होत होतं. तिथं जे झालं ते मला तुम्हाला सविस्तर सांगायचं आहे, कारण त्यातली गंमत तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आईला सांगितलं तर ती हसली, पण तिचं हसणं मी जेवले की नाही या काळजीतून बाहेर येईना. आणि सांगता सांगता एक जुनी गोष्टही सांगायची आहे. तुम्ही होता तोवर ती सांगायची माझी छाती झाली नाही. ती शेवटी सांगेन, म्हणजे तोवर तरी तुम्ही नीट वाचाल.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून आधी आमची हालहवाल. शाळेतली नोकरी सोडून मी मच्छे गावात एक शेड घेतली आहे. मी आणि चौघीजणी मिळून मेतकूट, चटण्या आणि कषायाची पूड करतो. कषायाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'आप्पांचं कषाय' असं छापलं आहे, आणि खाली बारीक अक्षरांत 'वडिलांच्या हातचं प्रमाण'. पाकीट दिसायला देखणं आहे. अडचण एवढीच, की लोकांना कषाय आठवतं ते पावसाळ्यात आणि थंडीत. फाल्गुन संपला की मागणी बसते, आणि दरवर्षी त्या चौघींना सांगावं लागतं, आता दोन-तीन महिने दुसरं काहीतरी बघा. त्यातल्या दोघी आपल्या येळ्ळूरच्याच आहेत. बसमध्ये माझ्या शेजारी बसून येतात आणि उन्हाळा जवळ आला की खिडकीबाहेर बघत बसतात. मला ते बघवत नाही.

म्हणून दिल्लीच्या एका हॉटेल कंपनीची माणसं बेळगाव भागातल्या खाण्यापिण्याच्या वस्तू चाखायला येणार असं कळल्याबरोबर मी नाव दिलं. त्यांच्या गावोगावच्या हॉटेलांत सकाळच्या नाश्त्याला आपल्याकडचं काहीतरी ठेवायचं होतं. निवड झाली की बारा महिने काम. नाही झाली तर यंदाही त्या चौघींसमोर तेच बोलायचं.

तयारी म्हणून मी आणि तुमचे जावई एका रविवारी सकाळी निघालो आणि चार हॉटेलांत ओळीनं कषाय प्यायलो. सोबत पिशवीत चुरमुरे घेतले होते, तुमच्यासारखे. एका घोटानंतर मूठभर चुरमुरे, मग साधं पाणी, मग दुसरा घोट. एका हॉटेलातला वेटर आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्ही घरून जेवण बांधून आणलंय. कषाय तळहातावर ओतून चाटलं तेव्हा तर त्यानं मॅनेजरलाच बोलावून आणलं. तुमचे जावई फार चांगले आहेत, पण त्यांची जीभ म्हणजे आनंदी आनंद. पहिल्या हॉटेलात म्हणाले छान, दुसऱ्यात म्हणाले हेही छान, तिसऱ्यात म्हणाले छानच की गं. चौथ्या हॉटेलात मी त्यांना विचारलंच नाही. तुम्ही त्यांना तुमच्या भटारखान्यात दहा मिनिटं उभं केलं नसतं.

तो भटारखाना मला आजही वासानं आठवतो. खडेबाजारापासून जवळच, पुढं बारा टेबलांचं हॉटेल आणि मागं तुम्ही. पहाटे येळ्ळूरहून सायकलवर जायचात. हॉटेल उघडायच्या आधी मालक आत यायचे, कानडी माणूस, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. तुम्ही सांबार, चटणी, शिरा आणि कषाय अशा चार वाट्या फळीवर मांडायचात. मालक प्रत्येकातलं थोडं तळहातावर घ्यायचे आणि एकच शब्द बोलायचे. आवडलं तर 'चलो', त्यांच्या कानडीत चांगलं. बरं वाटलं तर 'परवागिल्ल'. आणि काहीच बोलले नाहीत तर ते पातेलं परत चुलीवर. हळूहळू तो शब्द आपल्या घरात आला. आईनं केलेली आमटी चांगली झाली की तुम्ही चलो म्हणायचात. गावातल्या बैठकीत मराठी पाटीसाठी तावातावानं बोलून आलेला माणूस घरात पाटावर बसून आमटीला कानडीत शाबासकी देतो, हे आईला फार मजेशीर वाटायचं. 'भांडान करून आलाय मराठीसाटनं, आनि आमटी कानडीत चांगली लागतीया व्हय?' असं ती विचारायची. तुम्ही म्हणायचात, 'आगं, जिभंला कुठलं आलंय राज्य.' आणि आणखी भात मागायचात.

तुमच्या सांबाराला चलो मिळायचं, शिऱ्याला मिळायचं, चटणीला तर रोजचंच. पण कषायाला कधीच नाही. वर्षानुवर्षं एकच, परवागिल्ल. ते तुम्हाला किती लागायचं हे मी घरी बघत होते. धने, जिरे, मिरे, बडीशेप, वेलदोडा, सगळी पूड तुम्ही आठवड्याची एकदम करून ठेवायचात, आणि सुंठ मात्र रोज पातेल्यात वेगळी घालायचात, चार चमचे. ते प्रमाण तुम्हाला तुमच्या उस्तादानं दिलं होतं आणि तुमच्या दृष्टीनं त्यात ढवळाढवळ म्हणजे पाप होतं. गिऱ्हाईक पीत होतं, डोळ्यांतून पाणी काढत होतं आणि दुसऱ्या दिवशी परत येत होतं. एक मालक तेवढे परवागिल्लच्या पुढं सरकत नव्हते.

आणि मग तो सर्दीचा आठवडा आला. मी एकोणीस वर्षांची, टिळकवाडीत कॉलेजला. तुमचं नाक असं बंद झालं की घरात हिंगाची फोडणी जळली तरी तुम्हाला पत्ता लागला नाही. रात्री जेवताना तुम्ही आवाज खाली करून म्हणालात, 'उद्या पयल्या बसनं ये हाटेलात. चव बगायला. मालकास्नी बोलायचं न्हाय.' आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागत होता. मी रात्रभर जिभेला जपलं, लसणाची चटणीसुद्धा खाल्ली नाही.

सकाळी तुम्ही आधी मला अर्धी इडली खायला घातली, कारण उपाशी पोटी चव बघायची नाही, उपाशी माणसाला सगळंच गोड लागतं, हा तुमचा नियम. मग तळहात पुढं करायला सांगून त्यावर कषायाचे चार थेंब टाकले. मी चाखलं आणि म्हटलं, 'छान.' तेव्हा जे बोललात ते मला पाठ आहे. 'छान म्हंजे काय? दूद छान, गूळ छान, का सुंठ छान? पावन्यावानी बोलू नगंस. काय वर हाय, काय खाली हाय, ते सांग. न्हायतर जा कालेजला.' दोन आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावशी बघत होत्या. मला रडू आलं होतं, पण मी चुरमुरे खाल्ले, पाणी प्यायले, पुन्हा तळहात पुढं केला आणि म्हटलं, 'सुंठ लई झालीया.'

तुम्ही पातेल्यात एकदा डाव फिरवलात. 'कषाय हाय ते,' म्हणालात, 'सरबत न्हवं.' आणि तेवढ्यात मालक आलेच. सांबार चलो, चटणी चलो, शिरा चलो. कषाय परवागिल्ल. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं, तुम्ही तेच ऐकवलंत आणि मालकांनीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तुमचे डोळे इतके वाहत होते, की टॉवेल तोंडाला लावून तुम्ही स्टुलावर बसलात आणि मला म्हणालात, 'डब्यातली सुंठ तूच घाल. चार चमचं. सपाट.' मी घातली. मालक आले. सांबार, चटणी, शिरा झाल्यावर त्यांनी कषाय तळहातावर घेतलं, थांबले, पुन्हा एकदा घेतलं आणि म्हणाले, 'चलो.'

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. नाक लाल, डोळे लाल आणि हसू कानापर्यंत. संध्याकाळी तुम्ही अर्धा किलो कुंदा आणलात आणि गल्लीत घरोघरी वाटायला लावलात. लोक विचारत होते मुलीचं लग्न ठरलं काय. तुम्ही सांगत होता, 'जीभ बंद हुती माजी, नाक बंद हुतं. नुसत्या हाताच्या अंदाजावर मालकांकडनं चलो घेतलं.' सर्दी गेल्यावर कषाय पुन्हा परवागिल्लवर आलं, तर तुम्ही म्हणालात मालकांची जीभ म्हातारी झाली. ती गोष्ट मग तुम्ही जन्मभर सांगितलीत. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलीत. शेवटी दवाखान्यात सलाईन लावायला आलेल्या सिस्टरलासुद्धा हात धरून थांबवलंत आणि सांगितलीत. मी पलंगाशेजारीच बसले होते.

असो. तर गुरुवार. एका बाजूला मी आणि शेजारच्या टेबलावर निपाणीचे एक अण्णा, जवसाची चटणी घेऊन आलेले. साठीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, आणि दर दोन मिनिटांनी डबीचं झाकण पुसत होते. कंपनीकडून एक तिशीतली मुलगी आली होती, हातात टॅबलेट, बोलणं सगळं हिंदीतून. तिच्याबरोबर चव बघायला एक म्हातारे गृहस्थ, धारवाडकडचे, सगळी हयात हॉटेलांच्या भटारखान्यांत गेलेली. ते चाखणार आणि ती लिहिणार, असं ठरलेलं. दोघांची गाठ त्याच दिवशी सकाळी पडली होती.

आधी ते अण्णांच्या टेबलाशी थांबले. गृहस्थांनी चटणी तळहातावर घेतली. चमचा समोर असताना तळहातावर घेतली, आप्पा. ते म्हणाले, 'चलो.' मुलगी टॅबलेटमधून मान वर न काढता म्हणाली, 'हाँ सर, चलो,' आणि माझ्या टेबलाशी आली. अण्णा हरखून माझ्या कानाशी म्हणाले, 'आक्का, दोगंबी चलो म्हनाली बगा.'

मग माझी पाळी. त्यांनी दिलेली विजेची शेगडी भलतीच तापत होती. गूळ घातल्यावर दूध फाटू नये म्हणून तुमच्यासारखं पातेलं आधी खाली उतरवलं आणि मग गूळ ढवळला. गृहस्थांनी कागदी कपातून थोडं तळहातावर घेतलं, डोळे मिटले. पुन्हा घेतलं. मला समोर ते पांढरं धोतर दिसायला लागलं. ते म्हणाले, 'चलो.' मुलगी म्हणाली, 'चलो सर,' आणि दोघं पुढच्या टेबलाकडे गेले.

मी आणि अण्णा एकमेकांकडे बघून हसत होतो. पण तिसऱ्या टेबलावर लोणचं होतं आणि तिथं गृहस्थ बोलायलाच लागले. तेलाला वास आहे, मीठ चढलंय, फोडी नरम पडल्यात, तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं. मुलगी भराभर लिहीत होती. नंतर ती खिडकीपाशी फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, 'अचारवाला सर को काफी इंटरेस्टिंग लगा। पहले दो टेबल पे तो सर रुके ही नहीं, चलो चलो बोल रहे थे।'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांना सांगितलं तर त्यांनी डबीचं झाकणच लावलं. 'म्हंजे हिकडचं चलो तिकडं जावा झालं व्हय? आक्का, तुमी जाऊन सांगा. मला हिंदी न्हाय जमत.' मी जागची हलेना. स्वतःच्या जिनसेला स्वतःच चांगलं म्हणायचं, तेही अनोळखी माणसासमोर, हे आपल्या घरात कधी झालं नाही. पण बसच्या खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या दोघी डोळ्यांपुढं आल्या आणि मी गेले. म्हटलं, 'मॅडम, वो चलो बोले ना, वो अच्छावाला चलो है.' ती म्हणाली, 'कहाँ चलना है?' मी म्हटलं, 'चलना नहीं है, चलो है.' ती आणखी गोंधळली. शेवटी गृहस्थच मदतीला आले. 'मॅडम,' ते समजावून सांगायला लागले, 'चलो अंद्र...' कानडीत त्याचा अर्थ 'चलो म्हणजे', पण तिनं लगेच आतल्या दाराकडे बघितलं. 'अंदर? अंदर क्या है सर?'

मला हसू आवरेना, अण्णा तर टेबलाला धरून हसत होते, आणि एक वेटर, आपल्याकडचाच असावा, ट्रे ठेवून बाहेर पळाला. शेवटी गृहस्थांनी अंगठा आणि बोट जुळवून तिला दाखवलं, 'फस्ट क्लास, मॅडम. दोनो फस्ट क्लास.' मुलीनं कपाळावर हात मारला आणि तीही हसायला लागली. चांगली मुलगी आहे. परत आमच्या टेबलांशी आली, खुर्ची ओढून बसली आणि गृहस्थांना विचारलं, यात नेमकं काय चांगलं आहे. ते माझ्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, 'शुंठी कम्मी ऐती, अदक्क चलो ऐती.'

तिनं माझ्याकडे बघितलं, 'क्या बोले?' मग ते मलाच सांगावं लागलं. म्हटलं, 'बोले, सोंठ कम है, इसलिए अच्छा है.' सांगून झाल्यावर मी एक कप भरून स्वतःच पिऊन टाकला. तिला वाटलं आनंदानं. ते खोटं नव्हतं. मग तिनं पाकीट उचलून त्यावरचं वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, 'पापा की रेसिपी है?' मी हो म्हटलं.

काल त्यांचा होकार आला. अण्णांच्या चटणीलाही आला, त्यांनी फोनवर मला तीनदा सांगितलं. आज सकाळी बसमध्ये मी त्या दोघींना म्हटलं, यंदा उन्हाळ्यात कुठं दुसरीकडं बघू नका. एक म्हणाली, 'खरंच काय वं?' आणि दुसरी माझ्या मांडीवर तिचा जेवणाचा डबा ठेवून डोळे पुसायला लागली. आज तुम्ही हवे होता. मला तुमची फार आठवण आली, आप्पा.

आता ते शेवटचं. हे पत्र मी आईपाशी वाचणार नाही, येळ्ळूरच्या घरातल्या तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, कारण आई फोटो पुसायला काढते आणि तिला वाचता येतं. शेडमधल्या सुंठीच्या डब्याखाली ठेवीन. पाकिटावर वडिलांच्या हातचं प्रमाण असं लिहिलं आहे आणि ते खरं नाही. धने तुमचे, जिरे तुमचे, मिरे तुमचे, गूळ उतरवून घालायची पद्धत तुमची. सुंठ माझी आहे. दवाखान्यात त्या सिस्टरला तुम्ही गोष्ट सांगत होता तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण तुम्ही इतके खुशीत होता, की मी तुमची उशी सारखी केली आणि गप्प बसले. त्या दिवशी तुम्ही टॉवेल तोंडाला लावून बसला होता, तेव्हा मी चार चमचे घातले नव्हते. दोनच घातले होते.

आणि मालक यायच्या आधी मी हळूच चाखलंही होतं. छान झालं होतं.